एकवीस पाकळ्यांची मूठ

एका राज्यात राजा होता, पण बोलणं त्याचं नव्हतं. वीरकेतू त्याचं नाव. बारा वर्षं झाली, त्याच्या तोंडून 'बरं' याखेरीज शब्द निघाला नव्हता. मंदारसेन प्रधान म्हणे, "सारा वाढवावा." राजा म्हणे, "बरं." प्रधान म्हणे, "अमक्याला हद्दपार करावं." राजा म्हणे, "बरं." सिंहासनावर पूर्वजांची तलवार टांगलेली होती, सत्यरेखा. ती वर असेतो राजाची वाणी राजाची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. तलवार तर जागच्या जागी होती. मग राजाला झालं काय, हे कुणालाच उमगेना.

त्या नगरात हैबती शिकलगार राही. हत्यारं घडवावी, धार लावावी, प्रत्येक पात्याचं माप पाटीवर टिपून ठेवावं, असा त्याचा शिरस्ता. त्याचा गुरू दौलोबा बारा वर्षांपूर्वी राजवाड्यात कामाला गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून भात्याजवळच्या खांबावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसे आणि एवढंच बोले, "डोळ्यावर जाऊ नको, मोज." दौलोबाही हेच म्हणायचा. पाखरू ऐकलेलं बोलतं, असं म्हणून हैबतीनं कधी मान वर केली नव्हती.

एके सकाळी प्रधान पालखीतून उतरला.

"हैबती, सत्यरेखेची हुबेहूब जोड घडव. मूळ तलवारीला शाप लागला आहे. ती लपवू आणि दसऱ्याला जोड पुजू."

"आज्ञा, प्रधानजी."

"मुठीवर एकवीस पाकळ्या. वीस नव्हेत. चूक राहिली, तर डोकं राहणार नाही." आणि त्यानं कमरेची चंची चाचपली.

हैबतीच्या मनात पाल चुकचुकली. शिकलगारांचे दोन नेम होते, गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचे. जुन्या हत्याराची नक्कल केली, तर तीत एक खूण कमी ठेवावी. आणि खरी कोणती असं कुणी विचारलं, तर खरं सांगावं, मान गेली तरी. नक्कल वीस पाकळ्यांची होते, हे प्रधानाला कुणी सांगितलं?

सत्यरेखेला तीन वस्तू लागत. पहिली, आकाशातून पडलेलं लोखंड. ते एका डोंगरावर वेताळ राखत होता. हैबतीनं तीन वेळा वाकून मागितलं.

"घे," वेताळ म्हणाला. "पण शिळेला आधीच एक खाच आहे बघ. बारा वर्षांपूर्वी एक म्हातारा तुकडा घेऊन गेला."

दुसरी वस्तू, पात्याला पाजायचं पाणी. ते नागाच्या झऱ्याचं. नाग फणा उभारून म्हणाला, "पुन्हा आलात? मागच्याच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. तुला आहे."

दौलोबाचा अंगठा ऐन उमेदीत घणाखाली गेला होता. हैबतीनं घडा भरून घेतला.

तिसरी वस्तू, मुठीचं लाकूड. राजवाड्याच्या भिंतीपाशी बोलणारी शिसव उभी होती. तिनं आपण होऊन एक फांदी खाली टाकली.

"बाई, तो म्हातारा परत जाताना दिसला का?"

"आत गेला पायांनी. बाहेर आला पंखांनी."

हैबती घरी आला आणि त्यानं प्रथमच त्या भारद्वाजाची बोटं मोजली. डाव्या पायाला एक कमी होतं.

"मोज," पक्षी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला म्हणून हैबती दरबारातल्या तलवारीपाशी शिडीवर चढला. पाकळ्या मोजल्या. वीस. म्हणजे वर टांगली होती ती दौलोबाची नक्कल. पात्यावर गंज धरू लागला होता. खाली प्रधान उभा होता, नजर न हलवता.

"प्रधानजी, गंजल्या पात्यावरून माप घेतलं, तर केसभर चूक राहील. चूक नको म्हणालात. दुसरं काही माप आहे का?"

प्रधानानं दरबाराची दारं लावून घेतली. मग त्यानं तळघरातून कापडात गुंडाळलेली एक तलवार आणली. तिला एकवीस पाकळ्या होत्या, आणि तिचं पातं उजेडात पाण्यासारखं हलत होतं.

तिच्याशेजारी बसून हैबतीनं एकवीस दिवस काम केलं. पहिला नेम त्यानं डोळे मिटून मोडला. एकही खूण कमी ठेवली नाही. बाविसाव्या दिवशी बाजेवर दोन तलवारी होत्या आणि खरं पातं कोणतं, हे सूर्यालाही सांगता आलं नसतं.

प्रधान वाकला. त्यानं वास घेतला, नखानं वाजवून पाहिलं, केस ठेवून कापला. तिन्ही परीक्षा सारख्या.

"खरी कोणती?"

"डावीकडची, प्रधानजी."

प्रधानानं हैबतीकडे पाहिलं. मग तो हसला. "मला बनवतोस? आयुष्यभर मीही असंच उलटं सांगत आलोय." आणि उजवीकडची उचलून त्यानं आपल्या म्यानात घातली. "डावी टांगा वर!"

हैबतीनं आपली हत्यारं गोळा केली. विचारलं ते सांगून झालं होतं.

दसऱ्याला दरबार भरला. भारद्वाज खिडकीत येऊन बसला. सिंहासनावर तलवार चढली. प्रधानानं चंचीतून चिमूटभर मंतरलेली राख काढली आणि मोठ्यानं विचारलं,

"महाराज, या कारागिराला आमच्या हवाली करावं ना?"

हैबतीच्या अंगावर काटा आला. पिसं अशीच फुटत असतील, असं त्याला वाटलं.

राजानं ओठ हलवले. बारा वर्षांचा गंज होता, वेळ लागला.

"नाही," राजा म्हणाला.

प्रधानानं म्यानातली तलवार उपसली. ते नुसतं चांगलं लोखंड होतं. त्याच्या हातून राख सुटून त्याच्याच पायांवर सांडली.

"प्रधानजी, कारागिराची माफी मागावी," राजा म्हणाला.

"बरं," मंदारसेन म्हणाला. तेवढाच शब्द त्याच्यापाशी उरला, तो शेवटपर्यंत.

खिडकीत पिसं गळून पडली आणि तिथून एक म्हातारा धडपडत उतरला. आधी त्यानं आपले हात पाहिले, मग हैबतीचे.

"डोळ्यावर गेलास, की मोजलंस?"

"मोजलं, दादा. पण एक नेम मोडला."

"मग बसलास काय? आण कानस."

राजा बोलू लागला, लादलेला सारा उतरला, हद्दपार झालेले घरी परतले. त्या गडबडीत दोघं शिकलगार पायरीवर बसले होते. हैबतीनं नव्या तलवारीच्या मुठीवरची एक पाकळी घासून काढली, आणि दौलोबानं नऊ बोटांनी पाकळ्या चाचपत सावकाश दोनदा मोजल्या.

"वीस," तो म्हणाला. "आता झाली नक्कल."