नदीच्या ओटीतला चंद्रहार

एका राज्यात कुमुदा नावाची नदी वाहत होती. राजा तिला आई म्हणायचा, आणि पाणी मात्र राजवाड्याच्या आडाचं प्यायचा. राजेलोकांचं हे असंच. म्हणून नदी खारट झाल्याचं राजवाड्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

गावाला आधीच कळलं होतं. रिठ्याला फेस येईना, एका धुण्यात महिन्याचे रिठे संपू लागले. तूरडाळ शिजता शिजेना, सरपणाचे भारेच्या भारे चुलीत जाऊ लागले. तांब्याच्या घागरींना भोकं पडली. तेवढा तांबट खूश होता. मळ्यातली वांगी बोराएवढीच राहिली.

राणी हेमावतीला भागूमाय रंगारणीने आपल्या अंगावर पाजून वाढवलं होतं. एके सकाळी भागूमाय राणीचा निरोप घ्यायला आली.

"लेकी, आम्ही निघालो."

"कुठं, माय?"

"गोडं पाणी असेल तिथं. या पाण्यात लाल रंग बसत नाही. डागी कापड व्यापारी घेत नाही. पाडव्याला गाड्या जुंपायच्या."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आडाचं पाणी पितेस, बाळा. तुला सांगून काय उपयोग?"

माय गेली तर या एवढ्या राजवाड्यात आपलं म्हणावं असं कोण होतं? राणी एकटीच घाटावर गेली. पायरीवर एक टिटवी बसली होती. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि टिटवी जरा जास्तच बोले.

"नदी खारट व्हायच्या आधी तिची ओटी तूच भरलीस ना?" टिटवीने विचारलं. "तांदूळ, नारळ, खण, आणि वर चंद्रहार. हार कोणाचा?"

"महाराजांनी दिला."

"महाराजांनी तो डोंगरावरच्या खारजोगिणीच्या गळ्यातून ओढून आणला. तिच्या आईची तेवढीच आठवण होती. ती रडली, आणि तिचा शाप हाराला चिकटला. आता नदीच्या ओटीत तिची आसवं आहेत. जा, तिलाच विचार."

राणी डोंगर चढली. जोगीण बसली होती तिथं गवताची काडी उगवत नव्हती.

"उपाय सांगेन," जोगीण म्हणाली. "आधी तीन वस्तू आण. शुभ्र धुतलेलं लुगडं, मऊ शिजलेलं वरण आणि लाल रंगवलेला शेला. पाणी नदीचं, हात तुझे."

राणी कामाला लागली. लुगड्यापायी राजवाड्याच्या कोठारातले रिठे संपले आणि तिच्या तळहातांची सालं निघाली. वरणापायी लाकूडफाटा संपला. डाळ अजून टणकच. तेव्हा राणी म्हणाली, "पालखी फोडा." पालखी चुलीत गेली, वरण शिजलं, आणि भोई मनातून फार सुखावले. राहिला शेला. तो राणीने भागूमायच्या शेजारी बसून रंगवला. पुन्हा बुडवला, पुन्हा वाळवला. दर वेळी ढगाळ डाग उठले. पाडवा उद्यावर आला, तेव्हा तोच शेला घेऊन ती डोंगरावर गेली.

"हा डागी आहे," जोगीण म्हणाली.

"आहे. त्या पाण्यात याहून बरा होत नाही. माझ्या मायचं घर याच डागांनी बसलं. हार कोणाचा हे न विचारता मी तो ओटीत घातला. चुकले."

जोगिणीने शेला मांडीवर घेतला. "आडाच्या पाण्यात रंगवून आणला असतास, तर तुझाच मिठाचा खांब केला असता. आता सांग, ओटी भरली की घरोघरी काय करतात?"

राणी सांगू लागली आणि मध्येच थांबली. जिची ओटी भरली, ती ओटीतले चार दाणे भरणारीच्या पदरात परत घालते. गल्लीतली लहान पोरसुद्धा हे जाणते. पण त्या दिवशी नगारे वाजले, पालखी फिरली, आणि नदीला परत द्यायला कोणी उसंतच दिली नाही.

पाडव्याच्या सकाळी राणी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. काठावर सारं गाव जमलं होतं. तिने पदर पसरला.

"बाई, ओटीतले चार दाणे मला परत दे."

नदी वाहायची थांबली. मग पदरात तांदळाचे दाणे आले, आणि त्यांच्या मागोमाग चंद्रहार आला. जोगीण घाटावर उभी होती. राणीने ओलेत्यानेच तो तिच्या गळ्यात घातला. राजाने मान खाली घातली. जोगिणीने डोळे पुसले, नदी पुन्हा वाहू लागली, आणि टिटवीने चोच बुडवून सांगितलं, "गोडं आहे."

भागूमायची गाडी वेशीपाशी जुंपलेली होती. तिचा टिटवीवर काडीचा विश्वास नव्हता. ती खाली उतरली. तिने गाडीतलं रंगाचं पातेलं काढलं, नदीचं पाणी घेतलं, चूल मांडली आणि कोऱ्या कापडाची चिंधी त्यात बुडवली. राणी शेजारी श्वास रोखून उभी. भागूमायने चिंधी पिळली, उन्हात धरली, उलटसुलट करून पाहिली. लाल, एकसारखी लाल.

"बैल सोडा रे," ती म्हणाली.

राणी तिच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या आसवांनी कुणाचं पाणी खारट झालं नाही. राजाने आडावर झाकण घातलं. तेव्हापासून राजवाडा नदीचंच पाणी पितो. त्या संध्याकाळी गावात मूठभर काटक्यांवर घरोघरी डाळ शिजली. तशी ती तुमच्याही चुलीवर शिजो.