डोंगरातला वणवा

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर दाट रान होतं. त्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही आणि गुरं सोडायची नाहीत, असा जुना नेम होता. घरोघरची माणसं पाळीपाळीने रानाची राखण करत.

एका वर्षी चारा कमी पडला. पाटलाने थोडे दिवस गुरं रानात सोडायची मुभा दिली. ते दिवस सरले, तरी गुरं बाहेर आली नाहीत. मग कोणी बांबू तोडले, कोणी कोळशाच्या भट्ट्या लावल्या. आपण नाही गेलो तर दुसरा जाईल, असं म्हणत राखणीला कोणीच जाईना. रानातली भेकरं आणि डुकरं दिसेनाशी झाली. त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मग एके दिवशी बिबट्याने गावात शिरून वासरू उचललं. पुढे कुत्री जाऊ लागली. सूर्य कलला की गाव दारं लावून घेई. अंगणातली पोरं घरात कोंडली गेली. बायका पाण्याला घोळक्याने जात आणि पानं सळसळली तरी घागरी टाकून पळत.

पाटलाची सून भिवरा एकदा परड्यात शेण्या काढत होती. मान वर केली, तर कुंपणापाशी बिबट्या उभा. ती पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरकली आणि दारात शिरून कडी घातली. बरगड्या मोजता याव्यात इतका तो वाळला होता, हे मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

पाटलाला हे कळलं, तेव्हा तो तडक चावडीवर गेला. त्याने गाव गोळा केलं. गुरं गोठ्यात बांधून उरलंसुरलं रान पेटवून द्यायचं, बिबट्या आत जळून जाईल, असं ठरलं.

भिवरा पुढे आली. "मामंजी, त्याच्या रानात आपण खायला काही ठेवलं नाही, म्हणून तो खाली येतोय. गुरं बाहेर काढू, पुन्हा राखण लावू. तोवर गोठे बंदिस्त करू."

"आणि तोवर तुला उचललं तर?" पाटील म्हणाला.

त्याने स्वतःच्या हाताने पलिता टाकला.

रान कडाडून पेटलं. आणि वारा फिरला. जाळ उतारावरून गावाकडे धावत सुटला. ससे, साप, मोर माणसांच्या पायांतून पळू लागले. त्यांच्यातच बिबट्याही आला आणि कोणाकडे न बघता गल्लीतून पार निघून गेला. पाटील गोठ्याकडे धावला, पण छप्पर पेटलं होतं. दावणीची गुरं हंबरत राहिली आणि त्याला आत जाता आलं नाही.

माणसं गावाखालच्या नदीत उभी राहून वाचली. घरं मात्र गेली. पुढच्या उन्हाळ्यात डोंगरातला झराही आटला.

पाटलाने भिवराला एवढंच विचारलं, "आता गं?"

"आता राखण," ती म्हणाली.

पहिली पाळी पाटलाने घेतली. मग गावही लागलं. जळक्या खोडांना धुमारे फुटले, ते कोणी गुरांना खाऊ दिले नाहीत. गवत वाढलं. ज्या वर्षी भेकराचं भुंकणं पुन्हा ऐकू आलं, त्या वर्षी पाटील फार म्हातारा झाला होता.

एके दिवशी दिवेलागणीला करवत ओढल्यासारखा बिबट्याचा खरखरीत आवाज आला. पोरं आयांना बिलगली. पाटलाच्या हातातली काठी गळून पडली. भिवराने कान देऊन ऐकलं. आवाज वरून, रानातून येत होता. तिच्याही अंगावर काटा आला. तरी तिने शेजारी बसलेल्या आपल्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "घाबरू नकोस. तो त्याच्या घरी आहे."

तात्पर्य: रान राखायचं ते रोज राखावं लागतं. रानातल्यांचं घर मोडलं, की आपलंही घर सुरक्षित राहत नाही.