उजवीकडे कललेलं गाव

एका गावात सगळी माणसं उजवीकडे कलून चालायची. म्हातारे जास्त, तरुण जरा कमी. लहान पोरं सरळ चालायची, पण मोठी माणसं त्यांना टपल्या मारून मारून कलायला शिकवत होतीच.

याला कारण होती पिशवी. गावात पिशव्या विणणारी एकच बाई होती, आणि सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. सुती दोरा, क्रोशाची सुई, आणि तळापासून गोल गोल वर चढत जाणारी पिशवी. निळ्या जमिनीवर हळदी रंगाचे शंकरपाळे. दोन्ही दोरे कायम बरोबर चालायचे. ज्याची पाळी नसेल तो टाक्यांच्या पोटातून लपून जायचा. त्यामुळे पिशवी अशी भरीव व्हायची, की तिच्यात दगड भरले तरी कुरकुर नाही.

फक्त एक खोड होती. आत्याचा प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या जरासा उजवीकडे बसायचा. जरासाच. पण तळापासून काठापर्यंत तो जरासा साठत जायचा. मग शंकरपाळे वाऱ्याने ढकलल्यासारखे दिसायचे आणि पिशवीचे बंद भलत्याच जागी यायचे. खांद्याला लावली की पिशवी कलंडायची, आणि तिला सांभाळता सांभाळता माणूसही.

आत्याला हे कुणी सांगितलं? छे! मोठ्या माणसाला चूक दाखवणं म्हणजे त्या गावात देवळात चपला घालून शिरण्यासारखं होतं. कारभारी तर सरळ म्हणायचे, "आपल्या गावची हवाच तशी आहे. डोंगरावरून तिरपी येते." आणि सगळे माना हलवायचे. त्याही उजवीकडे.

आत्याच्या शेजारी तानी नावाची पोरगी राहायची. तानी डावखुरी. शाळेत मास्तरांनी तिच्या डाव्या हातावर छडी ओढली, तेव्हा तिने पाटी तिथेच ठेवली आणि पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरचे म्हणाले, वाया गेली. आत्या म्हणाली, "वाया जायला ती काय दूध आहे? पाठवा माझ्याकडे."

तेव्हापासून तानी दिवसभर आत्याच्या ओसरीवर. आत्या तिला गरम भाकरीचा वरचा पापुद्रा काढून द्यायची, त्यावर लोणी, वर मीठ. तिच्या केसांतला गुंता सोडवताना शिव्या घालायची आणि तेवढ्याच मायेने तेल चोपडायची. सगळं चांगलं होतं. फक्त सुई हातात घेतली की आत्या ही आत्या राहायची नाही, मास्तर व्हायची.

"डावा हात मांडीखाली घाल. त्याच्यावर बस."

"आत्या, उजव्यानं मला जमत नाही गं."

"जमत नाही म्हणून शिकायचं. सगळे शिकले."

तानी शिकत होती. म्हणजे हातावर बसून, ओठ चावून, ढिले टाके घालत होती. तिच्या विणीतून बोट आरपार जायचं.

एक दिवस गावची सुईण आली. तिच्या जुन्या पिशवीचा तळ गेला होता.

"आत्या, वरच्या वाडीतली पोर आता कधीही बाळंत होईल. लवकर एक पिशवी दे. आणि रागावू नको, पण या खेपेला जरा सरळ कर. तेलाची बाटली कलंडते. मागच्या वेळी अर्धं तेल माझं लुगडंच प्यालं."

"माझी पिशवी सरळच असते," आत्या म्हणाली. "तू सरळ चाल."

सुईण जुनी पिशवी उचलून निघाली. शेकड्यांनी पोरं जगात आणलेली बाई, पण आत्यापुढे तीही पोरच.

आत्याने पिशवी विणायला घेतली. अर्धी झाली आणि अंगणात फुलं तोडताना गांधीलमाशीने तिच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. अंगठा सुजून भरताच्या वांग्यासारखा झाला. सुई धरणं दूरच, तिला स्वतःची वेणीही घालता येईना.

"तानी," ती म्हणाली, "उरलेली तू कर. उजव्या हाताने."

तानीने केली. आत्याने बघितली. "ही काय पिशवी आहे? ही चाळणी आहे. उसव."

तानीने उसवली, पुन्हा विणली. पुन्हा भोकं.

"उसव."

"आत्या, डाव्यानं करू?"

"अजिबात नाही! सुईणीची पिशवी आहे ती. बाळाचं पहिलं दुपटं तिच्यातून निघणार. डाव्या हाताचं तिथं चालत नाही."

"का चालत नाही?"

आता याचं उत्तर आत्याकडे असायला हवं होतं की नाही? नव्हतं. मोठ्या माणसांकडे उत्तर नसलं की ती आवाज वाढवतात. आत्यानेही वाढवला. "चालत नाही म्हणजे नाही! तोंड वर करून विचारतेस?"

तानी उठली. पिशवी, सुई आणि दोन्ही दोरे पदरात घेतले आणि तरातरा गोठ्यात जाऊन बसली. म्हशीने तिच्याकडे पाहिलं, पण म्हशी कोणता हात म्हणून विचारत नाहीत. तानीने ढिले टाके उसवले, सुई डाव्या हातात घेतली आणि आत्या जिथे थांबली होती तिथून उलट्या बाजूने फेरा सुरू केला. हात असा पळायला लागला, जणू इतकी वर्षं दाव्याला बांधलेलं वासरू सुटलंय. टाका घट्ट, दोरा लपलेला, शंकरपाळा रेखीव. ऊन अंगणातून निघून जायच्या आत काठ आला, बंदही झाले.

तिने पिशवी आणून आत्याच्या मांडीवर ठेवली. तोवर कारभारी आणि दोन-चार म्हातारे ओसरीवर चहाला येऊन टेकले होते. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

खालच्या अर्ध्या भागातले आत्याचे शंकरपाळे उजवीकडे कलले होते. वरच्या अर्ध्या भागातले तानीचे डावीकडे. मधोमध सगळी नक्षी कोपरासारखी वळली होती.

"हे काय!" कारभारी ओरडले. "वाकडं विणलंय पोरीनं."

"डाव्या हाताने केलंस?" आत्याने विचारलं.

"हो."

"उसव."

तानीचे डोळे भरले, पण आवाज नाही हलला. "उसवते. तू म्हणशील तर आत्ता उसवते. पण मग मी सुईला पुन्हा हात लावणार नाही. ना डावा, ना उजवा. आणि इथं येणारही नाही."

"बघा, बघा," एक म्हातारा म्हणाला. "डोक्यावर बसवून घेतलंत."

आत्याने स्वतःच काठाचं टोक ओढायला घेतलं, पण सुजलेल्या अंगठ्याने तिला गाठ सापडेना. चिडून तिने पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. म्हणाली, "थांबा, चष्मा आणते."

चष्मा घालून ती वळली आणि तिथेच उभी राहिली.

पिशवी सरळ लोंबत होती. भिंतीच्या कडेसारखी सरळ. आत्याच्या अर्ध्या भागाने तिला जेवढं उजवीकडे नेलं होतं, तेवढंच तानीच्या अर्ध्या भागाने परत आणलं होतं. शेजारच्या खुंटीला आत्याची स्वतःची पिशवी होती, ती दारू प्यायल्यासारखी एका बाजूला झुकलेली. आजवर तिच्या शेजारी सरळ काही टांगलंच नव्हतं, तर कळणार कसं?

हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हाताऱ्यांचं लक्ष चहात होतं. तानी जमिनीकडे बघत होती. आत्याने नुसतं "उसव" म्हटलं असतं, तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं. गाव तिरपंच राहिलं असतं आणि हवेला दोष देत बसलं असतं. फक्त ओसरीवर तानी नसती.

"काय मग आत्या," कारभारी म्हणाले, "उसवायचं ना?"

आत्याला घाम फुटला. गांधीलमाशी चावली तेव्हा नव्हता फुटला.

"उसवायचंच असेल," ती म्हणाली, "तर माझा भाग उसवावा लागेल. वाकडं ते आहे."

ओसरीवर कुणाच्या तरी घशात चहा अडकला.

"म्हणजे?" कारभारी म्हणाले. "अहो, तुम्ही वाकडं कसं विणाल?"

"कसं म्हणजे? सुईने! आयुष्यभर विणतेय. आणि तुम्ही आयुष्यभर कलून चालताय, पण एकाच्याही तोंडातून शब्द नाही. हवा तिरपी येते म्हणे! बैल आहात का सगळे?"

ती तळाचा दोरा ओढायला वाकली, तशी तानी धावली. "आत्या, नको! तुझा भाग काढलास तर माझा एकटाच डावीकडे जाईल. मग गाव डावीकडे कलेल."

आत्याने पिशवीकडे पाहिलं. मग तानीकडे. आणि इतकी जोरात हसली की अंगठा दुखायला लागला.

तेवढ्यात सुईण धापा टाकत आली. "वरच्या वाडीतून बोलावणं आलंय. पिशवी झाली असली तर द्या, नसली तर फडकं द्या!" आत्याने खुंटीवरची पिशवी काढून तिच्या खांद्याला लावली. सुईणीने तेलाची बाटली आत ठेवली, दोन पावलं टाकली, आत डोकावली. बाटली ताठ उभी होती. तिने तानीच्या डाव्या हाताकडे पाहिलं, तिच्या गालावर हात फिरवला आणि डोंगर चढायला लागली. त्या दिवशी वरच्या वाडीत मुलगी झाली, आणि तिच्या अंगाला पिशवीतलं सगळं तेल पुरलं.

म्हातारे पुढेही कलूनच चालत राहिले. सरळ पिशव्या मिळाल्या तरी. त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं.

आत्याने तानीची माफी मागितली का? नाही. त्या गावातल्या मोठ्यांना त्या शब्दाची सवय नव्हती. पण अंगठ्याची सूज उतरली तशी तिने नवे दोरे काढले, निळ्याची आणि हळदीची टोकं सोडवली, आणि दोन्ही तानीच्या पुढ्यात ठेवली.

"ही पिशवी खालून तू सुरू कर," ती म्हणाली. "वरची मी करीन. आणि माझा टाका ढिला पडला तर सांग. घाबरू नको, मी ओरडेनच. तरी सांग."

तात्पर्य: वय झालं म्हणून चूक बरोबर होत नाही, आणि चूक कबूल केली म्हणून आत्या परकी होत नाही. वेगळं चालणाऱ्या हाताला गप्प बसवण्याआधी त्याला एक फेरा तरी विणू द्यावा.