पहिला घास

माळावरच्या एका वारुळात एक म्हातारी वाळवी राहत असे. जेवायला बसली की पहिला घास ती पूर्वेकडच्या भिंतीशी नेऊन ठेवी आणि मगच आपण खाई. धाकट्या वाळव्यांना मोठी गंमत वाटे. "आजी, भिंत कधी जेवते का?" एकीने एकदा विचारलेच. "भिंत नाही गं, भिंतीपलीकडचा," आजी म्हणाली, आणि तिने जुने दिवस आठवून सारे सांगितले.

मुलांनो, वारुळातल्या शिपायांचे जबडे भलतेच दांडगे असतात. लढायला झकास, पण जेवायला अगदी कुचकामी! त्यांना कामकरी वाळव्यांनी भरवावे लागते. आजी तरुण होती तेव्हा तिच्या वाट्याला असाच एक शिपाई आला होता. भूक लागली की तो भिंतीवर डोक्याने दोनदा टकटक करी. ही लगेच म्हणे, "आले आयतोबा! आम्ही माती वाहून मरायचे, आणि यांनी नुसते तोंड उघडायचे!" तो हसे. "तू भरवलेलं गोड लागतं, ताई," एवढेच म्हणे. किती सुखाचे दिवस होते ते! पण तेव्हा तिला ते कळले नाही.

एके सकाळी टकटक झाली, तेव्हा ती फार दमलेली होती. "काम ना धाम! दुपारपर्यंत थांबा आता," ती फणकारली. "बरं, ताई," म्हणून शिपाई मुकाट निघून गेला.

थोड्याच वेळात एका म्हशीचा खूर पडला, पूर्वेकडची भिंत फुटली आणि भोकातून मुंगळे आत घुसू लागले. आत राणी होती, अंडी होती, इवली पिल्ले होती. बाकीचे शिपाई वारुळाच्या दुसऱ्या टोकाला. हा एकटाच उपाशीपोटी धावला. पुढच्या मुंगळ्याला त्याने जबड्यात धरून बाहेर लोटले, पाठोपाठ आपणही बाहेर पडला आणि भोकाशी पाय रोवून ओरडला, "ताई, माती लिंप!"

"अरे, पण तू बाहेर आहेस!"

"म्हणून तर लवकर लिंप. फार वेळ नाही निभायचं माझ्याच्यानं."

ती रडत रडत लिंपत राहिली. शेवटची फट बुजली, आणि पलीकडून टकटक ऐकू आली. दोनदाच. तो निरोप घेत होता की त्याला भूक लागली होती, हे तिला आजवर कळलेले नाही. वारूळ वाचले. सकाळचा घास मात्र तिच्यापाशी तसाच राहिला.

आजी बोलायची थांबली. इतक्यात शेजारच्या भिंतीवर कुणा शिपायाची टकटक झाली. मघाशी प्रश्न विचारणारी वाळवी तोंडापर्यंत नेलेला घास तसाच घेऊन उठली.

"आले हं, दादा!"

"धाव बाळ," आजी म्हणाली, "उशीर करू नकोस."

तात्पर्य : आपल्यासाठी जो भिंतीबाहेर उभा राहतो, त्याला आयतोबा म्हणू नये, त्याचा घास आधी काढावा आणि त्याने हाक मारताच द्यावा.