टॅब अडकला होता

“जुनं धरून बसलं तर ती आसक्ती. नवं घ्यावंसं वाटलं तर ती तृष्णा. मग माणसानं करायचं तरी काय, भंते?”

भंते नागित मूर्तीपुढच्या ओट्याशी वाकून बसले होते. मेणबत्त्यांचं मेण दगडावर ओघळून गोठलं होतं. ते चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“धम्माचं विचारून राहिला, की टॅबचं?”

प्रियदर्शी हसला. “दोन्ही एकच नाही का?”

“नाही.”

भंडारा जिल्ह्यात एका तलावाकाठच्या टेकडीवर हा विहार आहे. दर रविवारी सकाळी तिथे तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो. वर्ग घेणारा प्रियदर्शी गजभिये चोवीस वर्षांचा, बोलायला हुशार. कोणी शंका विचारली की तिचं उत्तर त्याच्याकडे तयार असायचं. लोक म्हणायचे, भंतेंच्या मागे हाच.

त्यालाही तसं वाटायचं.

आज वर्ग संपला, सगळे टेकडी उतरून गेले, आणि टॅबचं काही विचारायचंय म्हणून तो मागे थांबला.

“तुझ्या टॅबला झालं काय?”

“तीन वर्षांचा आहे. अडकतो.”

“अडकतो म्हणजे?”

“चित्र थांबून जातं. कितीही बोटं मारा, काही हलत नाही. फायनलला ऐन वेळी अडकला. नाहीतर आम्ही जिंकलो असतो.”

भंतेंनी मेणाचा एक तुकडा उचलून डब्यात टाकला.

“आता नवा घ्यावा की नाही, हे मला विचारायला आला.”

“घेऊन राहिलो नाही, भंते. मिळून राहिला.”

आणि त्याने सांगितलं.

तीन आठवड्यांपूर्वी नागपुरात मोबाइलवरच्या खेळांची स्पर्धा झाली होती. त्याची चौघांची टीम शेवटपर्यंत पोचली. खेळ असा, की एका बेटावर दोन टीम उतरतात. गोळी लागली की माणूस बाद. ज्या टीमचा माणूस शेवटी उरेल ती जिंकली. दोघं बाद झाले, आणि मागे उरले फक्त कॅप्टन प्रियदर्शी आणि पारमिता खोब्रागडे. समोरही दोघंच होते.

पारमिता बाद झाली. मग प्रियदर्शी. खेळ हातचा गेला.

तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, “टॅब हँग झाला यार.”

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. टीममधल्या हेमंतने चहा आणून दिला. म्हणाला, “जाऊ दे, मशीनपुढे कोणाचं चालतं!”

त्या दिवशी सगळ्यात चांगली खेळाडू म्हणून पारमिताला बक्षीस मिळालं. खेळासाठीच बनवलेला, नुकताच निघालेला टॅब. ती सगळी स्पर्धा आपल्या जुन्या फोनवर खेळली होती. त्याच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा होता.

आठवडाभराने तिने टीमच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हा टॅब दर्शीला देते. कॅप्टनचा टॅब अडकला की सगळी टीम अडकते.’

आज ती तो घेऊन टेकडीवर येणार होती.

“मग घे,” भंते म्हणाले.

प्रियदर्शी गोंधळला. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

“पण भंते… मोह?”

“मोह होत असेल तर नको घेऊ.”

त्याचा जीव भांड्यात पडला. “मीसुद्धा तेच ठरवलं होतं. तिला सांगेन, तूच ठेव. माझं जुन्यावर भागतं.”

हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं.

चमच्याचा आवाज थांबला.

“तो खेळ दाखव.”

“कोणता?”

“शेवटचा. तुमचं यंत्र साठवून ठेवते म्हणतात सगळं.”

“ठेवतं. पण तुम्हाला त्यातलं काय कळणार, भंते?”

“काही नाही कळणार. दाखव.”

प्रियदर्शीने बॅगेतून टॅब काढला. ते रेकॉर्डिंग त्याने त्या दिवसानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. पुसून टाकावं असं रोज वाटायचं, तेही झालं नव्हतं. बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.

भंते त्याच्या शेजारी येऊन बसले. डोळ्यांवरचा चष्मा त्यांनी चीवराच्या टोकाने पुसला.

पडद्यावर एक पडकं घर होतं. पुढे माळ.

“हे गवत हलून राहिलं.”

“हो. वारा दाखवतात.”

“आणि हा धूर?”

“तोही.”

“हा आकडा कशाचा?”

“वेळ आहे. उरलेले सेकंद.”

“उतरून राहिला.”

“…हो.”

टॅबमधून पारमिताचा आवाज आला. “दर्शी, डावीकडून ये. मी दोघांना धरून ठेवते. ये!”

एक आकृती उघड्यावर धावली, दगडाआड पडली.

“दर्शी, ये ना! … दर्शी? … ऐकू येतंय का तुला?”

“आणि हा कोण?” भंतेंनी बोट ठेवलं. “भिंतीमागं बसलेला?”

तलावावर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली.

“मी.”

“हा नाही हलत.”

भिंतीमागच्या माणसाची मान एकदा डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग पुन्हा तो तसाच बसून राहिला. गवत हलत होतं. आकडा उतरत होता. दगडाआडची आकृती उठली, दोन पावलं धावली आणि पडली.

“अडकलं, ते कुठं?” भंतेंनी विचारलं. “ते दाखव मला.”

प्रियदर्शीचं बोट पडद्यावर नुसतं फिरत राहिलं.

“पुढं आहे का?”

“नाही.”

“मग मागं राहिलं?”

प्रियदर्शीने टॅब पालथा केला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“सकाळी शील म्हणत होतो आपण,” भंते म्हणाले. “खोटं बोलणार नाही, हे चौथं. तू सांगून राहिला होता आणि बाकीचे तुझ्या मागं म्हणत होते. त्या एका ठिकाणी तुझे नुसते ओठ हलले.”

म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं. म्हणजे आसक्ती आणि तृष्णा हे सगळं ते नुसते ऐकून घेत होते.

“घाबरलो, भंते.”

“कशाला?”

“मलाच कळत नाही. खोटं मरण ते. खेळातलं. तरी पाय उचलेना… बोट उचलेना. बाहेर पडलो आणि चुकलो तर सगळे बघतील, एवढंच डोक्यात. ती हाका मारत होती. मला सगळं ऐकू येत होतं.”

“मग?”

“मग उठलो, आणि तोंडातून निघालं, टॅब हँग झाला. ठरवलंसुद्धा नव्हतं. हेमंतने चहा आणला… मी प्यालो तो.”

भंतेंनी चष्मा काढून खाली ठेवला.

तो घाईघाईने म्हणाला, “पण मी तिचा टॅब घेत नाहीच आहे ना! तो तिचा तिच्याकडेच राहील.”

“तू नको म्हणाला की ती काय म्हणेल?”

“म्हणेल…”

“काय म्हणेल?”

“दर्शीचं मन मोठं आहे.”

“आणि बाकीच्यांना?”

“तेच सांगेल.”

“म्हणजे घेतला तर टॅब तुझा,” भंते म्हणाले. “आणि नाही घेतला तर टाळ्या तुझ्या.”

ते उठले आणि पुन्हा ओट्याशी जाऊन बसले. चमचा दगडावर खरखरू लागला.

प्रियदर्शी फरशीकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, भंते फार तर ‘घे’ म्हणतील किंवा ‘नको’ म्हणतील. दोन्हींपैकी काहीही म्हणाले असते तरी त्याच्या आडून टेकडी उतरता आली असती.

“मग दोन्ही वाटा बंद झाल्या, भंते.”

“दोनच आहेत, हे तुला कोणी सांगितलं?”

खालून पायऱ्यांवर चपला काढल्याचा आवाज आला.

पारमिता वर आली. ती तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करायची. सकाळची पाळी आटोपून थेट इकडेच आली होती. तिने मूर्तीला वंदन केलं, भंतेंना वंदन केलं. मग कापडी पिशवीतून खोकं काढून प्रियदर्शीपुढे धरलं.

“घे, कॅप्टन. अजून सीलसुद्धा फोडलं नाही.”

त्याने हात पुढे केला नाही. भंतेंकडे पाहिलं. भंतेंनी एखादा शब्द टाकावा, निदान उठून बाहेर तरी जावं… भंते मेण खरवडत होते.

“पारमिता.”

“काय?”

“टॅब अडकला नव्हता.”

तिचा हात खोक्यासकट तसाच राहिला.

“मी भिंतीमागं बसून राहिलो. तू हाका मारत होतीस, त्या ऐकू येत होत्या मला. सगळ्या. मी आलो नाही. आणि वरून खोटं बोललो.”

ती चिडेल असं त्याला वाटलं. चिडावी अशी त्याची इच्छा होती.

ती उंबऱ्यावर बसली. खोकं मांडीवर घेतलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“…कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. मी बाद झाल्यावर माझ्या फोनवर तूच दिसत होतास ना? तुझी मान वळत होती, दर्शी. टॅब अडकल्यावर मान कशी वळेल?”

“बाकीच्यांना?”

“दोघांनीही पाहिलं. आम्ही तिघंही तुलाच बघत होतो.”

“हेमंतनेही?”

“हो.”

“चहा आणला त्याच्या आधी?”

पारमिता खोक्याचं सील बोटाने चाचपत राहिली.

त्या चहाची चव प्रियदर्शीच्या तोंडात आली. आल्याचा होता. त्याने हेमंतला वर म्हटलं होतं, साखर कमी आहे.

“मग कोणी बोललं काऊन नाही?”

“तू बोलशील म्हणून.”

“एकवीस दिवस?”

“पहिला आठवडा वाट पाहिली. मग वाटलं, तुला नवा टॅबच देऊन टाकावा…”

“का?”

“पुढच्या वेळी तुझ्याजवळ सांगायला काही उरणार नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. गणित समजावून सांगावं तसं तिने सांगितलं. प्रियदर्शीला वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्याने खाली पाहिलं, आणि तेव्हा त्याला तिचा हात दिसला. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. पट्टीच्या खालच्या बाजूला एक जुना व्रण होता. त्याच्या शेजारी अर्ध्या बोटाएवढा लांब दुसरा.

“हे काय झालं?”

“काच लागते. फोनची. खेळताना दाबावं लागतं ना.”

“कधीपासून?”

“झाले सहा-सात महिने.”

सहा-सात महिने तो या हाताशेजारी बसून खेळला होता. ‘पारमिता, जोरात दाब, गोळी उशिरा सुटते तुझी,’ असं तोच ओरडायचा.

“पारमिता, हा टॅब…” तो थांबला. ‘तूच ठेव’ हे शब्द जिभेवर आले होते. मघाशी किती छान वाटले होते. आता ते उच्चारायचाही त्याला अधिकार नव्हता.

तिनेच खोकं परत पिशवीत घातलं.

“आता मीच वापरते,” ती म्हणाली. “तू बोललास. आता तो तुला द्यायचं कारण नाही राहिलं.”

ती उठली. भंतेंना वंदन केलं. पायरी उतरताना वळून म्हणाली,

“पाच वाजता सराव आहे. हेमंतच्या घरी. सगळे येणार आहेत.”

तू ये, असं ती म्हणाली नाही. येऊ नकोस, असंही म्हणाली नाही. चपला घालून ती निघाली. टेकडीच्या वळणापर्यंत तिची पिशवी दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली.

प्रियदर्शी बसून राहिला.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं. भंतेंचा ओटा स्वच्छ झाला. त्यांनी डबा बंद केला, हात झटकले.

“भंते, मी वर्ग घेणं सोडून देतो.”

भंतेंनी डबा उचलून कोनाड्यात ठेवला.

“कॅप्टनही दुसरा कोणी होऊ द्या. मी त्या लायकीचा नाही.”

“पाच वाजता सराव आहे म्हणाली ती,” भंते म्हणाले.

“ऐकलं मी.”

“मग?”

प्रियदर्शीने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बोटांच्या आडून त्याचा आवाज आला.

“तिघंही तिथं असतील, भंते. तिघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तिथं आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

भंते जवळ आले. खाली बसले. त्याचे हात त्यांनी हळूच बाजूला केले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“ह्याच,” ते म्हणाले. “नवं अजून निघालेलं नाही.”