चहाला न उतरलेला माणूस

“पण भन्ते, चोर ओळखायचा कसा?”

डॉ. हरिदास वाहाणे यांनी हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता.

भन्ते विनयसार विहाराच्या पायरीवर बसून आपले भिक्षापात्र पुसत होते.

“ओळखून काय कराल?”

“त्याच्यापासून लांब राहीन.”

“आणि तो?”

...

वाहाणे सरांनी पुन्हा रस्त्याकडे पाहिले.

नागपूरहून निघालेली त्यांची बस आदल्या दिवशी सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात आली होती. लुंबिनीजवळच्या या लहान विहारात मुक्काम होता. भन्ते मूळचे भंडाऱ्याकडचे. वीस वर्षांपूर्वी चालत इथे आले आणि राहिले. बसमध्ये सरांसकट चौतीस माणसे होती, बहुतेक एकाच वस्तीतली. सर त्यांचे प्रमुख. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टरेट मिळवणारे वस्तीतले पहिले.

मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीची बस याच रस्त्याने काठमांडूला गेली होती. घाटात चहाला थांबली आणि लुटली गेली. ओळखपत्रे गेली, फोन गेले, बायकांची डोरली गेली. त्या सहलीचे प्रमुख सरांचे जुने मित्र. वर्ष झाले, ते बुद्धवंदनेलाही येत नाहीत. मागच्या गल्लीने जातात, मागच्या गल्लीने येतात.

सरांनी म्हणून फार तयारी केली होती. परदेशात रस्त्याने फिरणाऱ्यांसाठी निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी काढलेल्या सूचना त्यांनी वाचल्या होत्या. त्यांतून एकवीस नियम काढले होते. निघताना प्रत्येकाकडून ओळखपत्र, फोन आणि सोन्याचे जे काही असेल ते मागून घेतले होते. सगळे त्यांच्या ब्रीफकेसमध्ये होते. ब्रीफकेसला नंबरचे कुलूप होते. शिवाय सायकलला कुलूप लावायची साखळी. साखळीचे दुसरे टोक सरांच्या डाव्या मनगटाला.

चार दिवस ते तसेच बसत होते, तसेच झोपत होते. म्हणजे झोपत नव्हतेच.

आज ते भन्तेंकडे एक विनंती करायला आले होते. लुंबिनी झाली, आता इथूनच परत फिरावे. घाट नको, काठमांडू नको. आपण सांगितले तर लोक कुरकुर करतील. भन्तेंनी सांगितले तर ऐकतील.

लोकांना हे अजून माहीत नव्हते. पासष्ट वर्षांच्या भागरताबाईंना तर नव्हतेच. काठमांडूच्या स्वयंभू स्तूपाला खूप पायऱ्या आहेत असे त्यांनी ऐकले होते, म्हणून वर्षभर त्या रोज वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचा जिना चढत-उतरत होत्या.

“तो बघा.” सरांनी आवाज खाली आणला. “निळी बंडी. समोर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलाय. सीमेवर होता. काल चहाच्या टपरीवर होता. आता इथं. तीन वेळा, भन्ते. हा योगायोग असण्याची शक्यता फार कमी आहे.”

“तुम्ही त्याला तीन वेळा दिसलात. त्याची शक्यता किती?”

सर मनात आकडेमोड करू लागले.

आकडा तोच येत होता...

“त्याचं नाव काय?” भन्तेंनी विचारले.

“चोराचं नाव मला कसं माहीत असणार?”

“त्यानं चोरी केली?”

“अजून नाही.”

भन्ते हसले नाहीत. त्यांनी पात्र उन्हाकडे धरून आतून नीट पाहिले.

सरांनी परत फिरण्याचा विषय काढला. मित्राचे काय झाले ते सांगितले. वस्तीत पुन्हा मान वर करून चालता येणार नाही, ही भीती सांगितली. इतके शिकून एक ब्रीफकेस सांभाळता येईल की नाही याची खात्री वाटत नाही, हेही सांगून टाकले. ते कधी कुणाला सांगितले नव्हते.

भन्तेंनी सगळे ऐकले. तेवढ्यात आतून भोजनदानाची घंटा वाजली आणि ते उठले.

बायकांनी पहाटेपासून स्वयंपाक केला होता. खीर होती. विहाराच्या मंडपात चटया अंथरल्या होत्या आणि चौतीस जण हात जोडून बसले होते. भन्ते आसनावर बसले. पात्र मांडीवर.

पहिले दान प्रमुखाचे.

हातात दिल्याशिवाय भिक्खू अन्न घेत नाहीत, आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटे होती.

सर पुढे झाले. डाव्या हातात ब्रीफकेस, उजव्या हातात पळी. पळी खिरीच्या पातेल्यात बुडवून त्यांनी पात्राकडे नेली.

भन्तेंनी पात्रावर तळहात ठेवला.

“दोन्ही हातांनी.”

...

सरांनी इकडेतिकडे पाहिले. मग ब्रीफकेस पायांमध्ये ठेवली, टाचांनी दाबून धरली. साखळी ताणली गेली. त्यांनी दोन्ही हातांत पळी घेतली आणि वाकले. वाकताना नजर मात्र खाली ब्रीफकेसवर होती.

खीर चटईवर सांडली.

भन्तेंनी पुन्हा तळहात ठेवला.

बाराला बारा मिनिटे.

मागे कुजबुज सुरू झाली. भन्तेंनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेले नाही, हे कुणीतरी कुणाला सांगत होते. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“भन्ते, मला नियम माहीत आहे. पण यात चौतीस जणांचं...”

“चौतीस जण इथंच बसलेत.”

...

सर मागे वळले. चार दिवसांत त्यांनी या माणसांची डोकी मोजली होती. कितीदा मोजली होती त्याला गणती नव्हती. तोंडे बहुधा आत्ताच पाहत होते.

भागरताबाई पहिल्या ओळीत होत्या.

“आना इकडं, सर,” त्या म्हणाल्या. “मी बसतो त्याच्यावर. मायाखालून काय निघते, पाहू.”

सगळा मंडप हसला. भागरताबाई अंगाने भक्कम होत्या.

साखळीची किल्ली बनियनच्या चोरखिशात होती. ती काढायला सरांना वेळ लागला. साखळी सुटली तेव्हा मनगटावर लाल वळ दिसला. त्यांनी ब्रीफकेस भागरताबाईंकडे दिली. दिल्यावरही क्षणभर मूठ सुटली नव्हती. भागरताबाईंनी ती हळूच सोडवली.

मग त्यांनी दोन्ही हातांनी पळी धरली.

भन्तेंनी पात्र पुढे केले.

बाराला पाच मिनिटे असताना भन्तेंचे जेवण संपले. पाठोपाठ लोकांनी जेवून घेतले. सर भन्तेंच्या समोर बसून होते. मागून मधेच हसण्याचा आवाज येई, मधेच भांड्यांचा. दोनदा त्यांची मान वळू लागली होती. दोनदा त्यांनी ती आवरली.

तिसऱ्यांदा वळली.

मंडप जवळजवळ रिकामा होता. माणसे नळावर हात धूत होती. चटईवर ब्रीफकेस होती. तिच्याजवळ भागरताबाई नव्हत्या.

निळ्या बंडीचा माणूस होता.

तो मांडी घालून खीर खात होता.

सर उठले. ते खांबाला धरून उभे राहिले.

भागरताबाई पदराला हात पुसत सावकाश आल्या.

“हा रामसूरत,” त्यांनी ओळख करून दिली. “लुधियान्याले होता, कापडाच्या गिरणीत. दोन बोटं मशीनमंधी गेली. दोन पोरी आहेत. बायको सारखी आजारी रायते.”

हे सगळे त्यांनी त्याला मोरीच्या कठड्यावरच विचारून घेतले होते. मग हाक मारून आत आणले होते, पानावर बसवले होते, आणि स्वतः हात धुवायला जाताना ब्रीफकेस त्याच्याकडे सोपवली होती.

सरांनी विचारले, की त्याच्याकडेच का?

भागरताबाईंनी चाळीस वर्षे आठवडी बाजारात भाजी विकली होती. तिथे दुकान सोडून पाणी प्यायला जायचे तर शेजारणीला सांगून भागत नाही, असे त्या म्हणाल्या. शेजारणीचे आपल्या टोपलीकडे लक्षच नसते. ज्याचे लक्ष असते त्यालाच सांगावे लागते.

“ज्याची नजर टोपल्यावर असते ना सर, त्याले मी नाव विचारतो. मंग साऱ्या बाजारात आयकू जाईन असं म्हणतो, भाऊ, लक्ष ठेवजो.”

“आणि तो ठेवतो?”

“चाळीस वर्षांत एकानं नाई ठेवलं. त्याचं नाव अजून साऱ्या बाजाराले पाठ आहे.”

रामसूरतला मराठी येत नव्हती, पण आपल्याविषयी चालले आहे हे त्याला कळत होते. त्याने बोटे चाटली, पान दुमडले आणि सरांकडे पाहून नमस्कार केला. मग हिंदीत बोलू लागला. मधूनमधून त्याच्या गावाकडचे शब्द येत होते.

उद्या घाट चढणार का, असे त्याने विचारले. चढणार असाल तर मोठ्या वळणाखाली दोन टपऱ्या लागतात, तिथे थांबू नका. चढ लागला की सगळ्यांना चहाची आठवण होते आणि गाड्या नेमक्या तिथेच थांबतात. पुढे पोलीस चौकी आहे, तिथे थांबा. उतराल तेव्हा सगळे उतरा. गाडीत एकटा माणूस ठेवू नका.

सर चाचरत म्हणाले, की एक माणूस सामानापाशी ठेवावा असे सर्व सूचनांमध्ये आहे.

रामसूरत थोडा हसला. तीन बोटांच्या हाताने त्याने ब्रीफकेस सरांकडे सरकवली.

“साहेब, काल टपरीवर तेहतीस माणसं चहाला उतरली. एक उतरला नाही. गाडीतलं सगळं कुठं आहे ते मला तिथंच कळलं.”

...

रामसूरतने मान खाली घातली. आपण जास्त बोललो असे त्याला वाटले असावे.

सर खाली बसले. त्यांनी कुलुपाचे आकडे फिरवले आणि ब्रीफकेस सगळ्यांसमोर उघडली. एकेकाचे नाव घेऊन ज्याचे त्याला दिले. भागरताबाईंनी आपले ओळखपत्र आणि सोन्याचे चार मणी घेतले, पदराच्या टोकात बांधले, आणि ती गाठ कमरेला अशी खोचली की ती नेमकी कुठे गेली ते शेजारणीलाही कळले नाही. कुणी फोन चोळीत ठेवला, कुणी बंडीच्या आतल्या खिशात. पाच मिनिटांत ब्रीफकेस रिकामी झाली. तळाशी एकवीस नियमांचा कागद उरला.

सरांनी तो घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. टाकून द्यायला मन झाले नाही.

मग ते भन्तेंकडे गेले.

भन्ते नळावर पात्र धूत होते.

“भन्ते, आम्ही काठमांडूला जातोय.”

“बरं.”

सर तिथेच उभे राहिले. पाणी वाहत होते.

“पण भन्ते... त्याला वळण माहीत आहे. टपऱ्या माहीत आहेत. माणसं कशी हेरतात तेही माहीत आहे. सरळ माणसाला हे कुठून कळणार?”

“नाही कळणार.”

“म्हणजे माझा अंदाज बरोबर होता?”

“बरोबर असेल.”

...

सरांचा चेहरा पडला. इतका वेळ आपण चूक ठरावे अशीच त्यांची इच्छा होती, हे त्यांना आता कळत होते. मंडपात भागरताबाई रामसूरतला स्वयंभूच्या पायऱ्या किती ते विचारत होत्या. तो बोटांवर मोजून काहीतरी मोठा आकडा सांगत होता, आणि त्या मी चढतोच म्हणत होत्या.

“मग आता मी काय करू, भन्ते?”

भन्तेंनी नळ बंद केला. पात्र उपडे करून झटकले.

“उद्या घाट किती वाजता चढणार?”

“आठला निघू म्हणतो.”

“मग ड्रायव्हरशेजारची जागा त्याला द्या.”