ज्याचा त्याचा हात

धामणगडची राणी गुणवंताबाई अंगाने ठेंगणी, पण भारी मानी. दसऱ्याला शेजारचा ताडमाड राजा रणधीरराव जिराफ घेऊन आला आणि राणीचा लांब शेपटीचा परदेशी गुंजनपक्षी पाहून खो खो हसला.

"चिमटीएवढं पाखरू! मिरवणुकीत ज्याचं जनावर लांब त्याचं निशाण पुढे, म्हणजे आमचंच."

राणीला ते झोंबलं. "आधी स्वतःच्या हाताने स्वतःची उंची मोजा, महाराज."

राजा साडेतीन हात भरला. राणीनेही आपल्या हाताने मोजलं. तीही साडेतीन हातच!

"माप ज्याचं त्याच्या अंगाने. तुमच्या जिराफाची मान त्याच्या पायांएवढीच. माझ्या पाखराची शेपटी त्याच्या अंगाच्या दुप्पट! आता सांगा, लांब कोण?"

राणीचं निशाण पुढे निघालं. रणधीररावाने मान खाली घातली. लांब होती, वेळ लागला.